माथ्यावर न पोचलेलं लुगडं

योगीराजच्या नजरेत दगडाबाई पहिल्यांदा भरली ती जीपमध्ये चढताना. तिनं आधी गाठोडं सीटवर नीट बसवलं, मग एकेक पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला.

"लेकरासारखं बसवलंस की गाठोडं, मावशी."

"लेकराचंच हाय ते," ती म्हणाली.

राणीसावरगावहून देवीच्या डोंगराला निघालेली ती जीप; योगीराजही दर्शनालाच निघाला होता. आदल्या रात्री तो परभणीच्या स्टेशनवर पाहुण्यांची वाट बघत जागला होता, त्यामुळे बोलण्यापुरताच जागा होता. दगडाबाई मात्र वाटभर सांगत राहिली. तिचा बजरंग ऊसतोडीच्या फडावर जन्मला. ती तापानं फणफणली, दूध आटलं. शेजारच्या खोपीतल्या बंजारणीनं, सुलाबाईनं, आपल्या लेकीबरोबर त्याला पाजलं. पोरगं जगलं तर लग्नाआधी लुगडं नेसवीन, असा दगडाबाईनं तेव्हा देवीला नवस केला होता.

आता बजरंगची हळद तोंडावर आली होती. गाठोड्यात देवीचं हिरवं लुगडं होतं. माथ्यावर ते वाहायचं, मग पलीकडं उतरून तांड्यावर सुलाबाईला सांगायचं, की पहिली हळद तुझ्या हातची. उद्या दारात मांडव पडणार होता, म्हणजे जे व्हायचं ते आजच. आणि जीप दिवस मावळायच्या आत परतणार होती.

जीप पायथ्याशी थांबली; वर पायीच जायचं. अर्ध्या चढावर पिराचा दर्गा. तिथं ऊद लावल्याशिवाय कुणी वर जात नाही. दगडाबाईनं ऊद लावला आणि खाली बसली ती बसलीच. योगीराज तिथंच चाँदसाब मुजावराकडं चहा पीत होता.

"वर जाऊन पुन्ना पलीकडं उतरायला पाय राहतेल का, माय?" चाँदसाबनं विचारलं.

"न्हाई राहणार, चाचा. एकच व्हईल कायतरी."

"मग देवीचं देवीला दे. तांड्यावर फोन लाव."

"फोनवर हळद लागती का?"

चाँदसाब हसला. "आमच्या पिराचं बघ. वर चढला न्हाई, खाली उतरला न्हाई. मधीच बसलाय. कुणी नावं ठेवत न्हाई."

"तेला कुठं पोरगं हाय लग्नाचं," दगडाबाई म्हणाली आणि गुडघे चोळत राहिली. शेवटी तिनं माथ्याकडं हात जोडले. "माय, तू हायस तिथं हायस. सुलाबाई म्हातारी झालीय." मग योगीराजकडं वळून म्हणाली, "गाठोडं घे बाबा."

दर्ग्यामागून तांड्याची पायवाट जात होती. योगीराजला खरं तर तिथंच आडवं व्हायचं होतं. त्यानं गाठोडं उचललं.

तांड्यावर सुलाबाई दिसली आणि दगडाबाईच्या गळ्यात पडून मोठ्यानं, सुरात रडायला लागली. योगीराज दचकला. "कोण गेलं, मावशी?"

"कुणी न्हाई रे. भेटल्यावर अशीच रीत हाय त्यायच्यात."

दगडाबाईच्या अंगात रडायचंही त्राण नव्हतं. तिनं सुलाबाईच्या खांद्यावर हनुवटी टेकली आणि अंगाचा भार तिच्यावर सोडून उभी राहिली.

हळदीचं सांगून झालं. मग तिनं हिरवं लुगडं सुलाबाईच्या पुढ्यात ठेवलं. सुलाबाईनं घडी उलगडली आणि हसायला लागली.

"दगडे, जलम फेटियात गेला माझा. हे नऊवार कुठं गुंडाळू?"

दगडाबाई खजील झाली. कितीतरी हंगाम शेजारच्या खोपीत काढले. आरसे लावलेला सुलाबाईचा तो फेटिया, घेरदार घागरा, रोज वाळत पडलेला बघितला. तरी दर्ग्यावरून उठताना हे काही मनात आलं नाही.

"देवीसाठी घेतलेलं ते," ती पुटपुटली.

सुलाबाईचं हसू थांबलं. तिनं घाईनं लुगड्याची घडी घातली. "मग मला नको. देवीचं मी कसं घेऊ?"

"पाजलं कुणी?" दगडाबाईनं विचारलं.

दारात बसून योगीराज पेंगत होता. बाहेर शेळ्या ओरडत होत्या. सुलाबाईनं लुगडं पुन्हा उलगडलं आणि काठ हातानं मोजून पाहिला.

"घेर चांगला पडंल," ती म्हणाली.

हळदीला सुलाबाई हिरवा फेटिया घालून आली. बजरंगच्या गालाला पहिलं बोट तिचंच लागलं.

देवीचं लुगडं अजून राहिलंय, असं दगडाबाई अधूनमधून म्हणते. गुडघे काही बरे झालेले नाहीत. यंदा फडावर बजरंग आणि त्याची बायको राणी गेले आहेत. दगडाबाई घरी शेळ्या राखते.