बारशाची कॅसेट

“पप्पा, हे तिसरं कार्ड परत करताय तुम्ही.”

“फ्रेम खातंय ते, चित्र मधेमधे गाळतंय.”

“कुणाच्या खाल्ल्या? कॅसेट लावलीच नाही अजून.”

श्रुतिकाने कॉम्प्युटरचं झाकण उघडंच ठेवलं होतं. आत नवं व्हिडिओ कार्ड बसलं होतं, जुन्या कॅसेटवरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये ओढून घेणारं. हर्षद घाडी त्याच्याकडे साप निघाल्यासारखा बघत होता.

खरं तर घाटकोपरच्या भटवाडीतली निम्मी लग्नं याच माणसाने शूट केलेली. धंद्यासाठी कार्ड हवं असलं की लॅमिंग्टन रोडवर जायचा, उभ्याउभ्या भाव पाडायचा, घेऊन यायचा. या एका कॅसेटसाठी मात्र त्याला एकही कार्ड पसंत पडेना. पहिल्याचे रंग पिवळट, दुसऱ्याचा आवाज चित्राच्या मागून येतो, आणि आता हे.

कॅसेट होती श्रुतिकाच्या बारशाची. त्याची बायको नलिनी प्रत्येक कार्यात त्याच्यामागे हॅलोजनचा दिवा धरून उभी असायची, त्यामुळे ती कुठल्याच कॅसेटमध्ये नव्हती. त्या एका दिवशी ती कॅमेऱ्यासमोर बसली आणि पाळणा म्हणाली. लेक बोलायला लागण्याआधीच ती गेली. त्यानंतर हर्षदने ही कॅसेट कधी लावलीच नाही, त्यामुळे श्रुतिकाला आईचा आवाज ठाऊक नव्हता.

दर दसऱ्याला हर्षद कॅमेरे, दिवे, वायरी मांडून पूजा करायचा. सगळ्यांत पुढे ही कॅसेट. कव्हरमधून काढून, कारण कव्हरला वाहिलेलं तिला कसं पोचणार? हळद, कुंकू, झेंडूची पाकळी. गेल्या दसऱ्याला पुसताना त्याने पुढची पट्टी सहज उचलली आणि आतली टेप लाल दिसली. तेव्हापासून तो कॅसेटला हात लावायचं टाळत होता. ती कुंकवाची भुकटी टेप खरवडणार. कॅसेट फार तर एकदा चालेल. कदाचित तेवढीही नाही. आणि हे कुणाला सांगण्यापेक्षा कार्डात खोट काढणं सोपं होतं.

“चित्र नसलं तरी चालेल मला,” श्रुतिका म्हणाली. “आवाज हवाय फक्त.” तिने कॅसेट उचलली, कडेची कळ दाबली.

“नको उघडू.”

उशीर झाला होता. तिने टेपला लागलेलं बोटाचं टोक उजेडात धरलं. लाल.

“म्हणून कार्ड वाईट होय?”

तिने मऊ ब्रशने दिसेल तेवढी भुकटी झटकली. गुंडाळलेल्या भागात किती गेलीय ते दोघांनाही कळायला मार्ग नव्हता.

“तुटली तर?” त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

“आत्ता तरी कुठे ऐकू येतेय ती?”

तिने कॅसेट व्हीसीआरमध्ये सरकवली. आत काहीतरी करकरलं. श्रुतिकाने कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू केलं. दुसऱ्या हाताचं बोट व्हीसीआरच्या बटणावर होतं.

“पप्पा, लावू ना? तुम्ही हो म्हटल्याशिवाय नाही लावणार.”

हो म्हणवेना आणि नकोही म्हणवेना, तसं हर्षदने दार उघडलं. पायांत चपला उलट्यासुलट्या सरकवल्या आणि मागे न बघता जिना उतरायला लागला.