मामांचं निवांत बसणं

माझे सासरे देगलूरला राहतात. मी त्यांना मामा म्हणतो. फोनवर बोलू लागले की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा थांबून ऐकतं, असा त्यांचा आवाज. गेल्या उन्हाळ्यात त्यांचं बीपी वाढलं. नांदेडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "आता निवांत राहायचं."

आम्ही सुट्टीला तिथेच होतो. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मामांनी मला विचारलं, "जावईबापू, निवांत म्हंजे नेमकं काय करायचं असतं?"

मी लातूरच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. वर्गात मला असं कुणी विचारत नाही. मी सरसावून बसलो आणि सांगू लागलो, "मामा, मूळ संस्कृत शब्द निवात. वात म्हणजे वारा. जिथं वारा नाही ते निवात. वारा नसला की समईची ज्योत कशी हलत नाही? तसं मन. त्यावरून आपला निवांत."

"वारा न्हाई," मामा विचारात पडले. "हाव. बरोबर हाय."

मला फार बरं वाटलं. त्या समाधानात मी पडी टाकली.

जाग आली ती घामानं. पंखा बंद, कूलर बंद, खिडक्यांना आतून कडी. लाईट गेली म्हणावं, तर स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता. पलंगावर मामा मांडी घालून, डोळे मिटून बसलेले. बनियन पिळून निघेल इतकं ओलं.

सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. "अवो, हे काय करून राहिलात?"

"निवांत बसलो."

"असं? भट्टीत?"

"जावईबापूंनी सांगितलंय. वारा लागू द्यायचा न्हाई."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मुलगी देऊन चूक झाली असं त्यांच्या तोंडावर मला पहिल्यांदाच दिसलं. मी घाईनं सांगू लागलो, "मामा, तो जुना अर्थ झाला. आता त्याचा अर्थ..."

"मूळ ते मूळ," मामा डोळे न उघडता म्हणाले.

तेवढ्यात शेजारचे चाचा चहाला आले. त्यांचं गाद्यांचं दुकान आहे, मामांची दोस्ती लहानपणापासूनची. दारातूनच ते मागे सरले. सासूबाईंनी सगळं सांगितल्यावर चाचा पलंगाच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "तुमचा निवांत लई गरम हाय बघा. त्यापेक्षा आमचा इत्मिनान घ्या. त्याच्यात पंखा चालतो."

मामांनी एक डोळा उघडला. "अर्थ तोच का?"

"तोच."

"मग लावा पंखा."

सासूबाईंनी पंख्यासोबत कूलरही लावला. पण मामांचं डोकं दुखत होतं. मशीन लावून पाहिलं तर बीपी आणखी वर. मी घाबरलो. रिक्षा बोलावली, एसटी स्टँड गाठलं आणि त्यांना घेऊन नांदेडला गेलो. वाटेत ते काही बोलेनात, ते मला जास्त जड गेलं.

दवाखान्यात मात्र त्यांना आवाज सापडला. डॉक्टरांनी "निवांत होतात ना?" एवढंच विचारलं. मामांनी त्यांना संस्कृतापासून समईपर्यंत सगळं ऐकवलं आणि वर दरडावलं, "अर्थ माहीत नसंल तर लोकांना सांगू नका!" बाहेरच्या बाकावरचे पेशंट दारात गोळा झाले.

डॉक्टरांनी बीपी घेतलं. पट्टा काढला, पुन्हा बांधला, पुन्हा घेतलं. खाली आलं होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "आपण काय करता?"

"मराठी शिकवतो."

"पेशंटसमोर जरा जपून," ते म्हणाले.

बाहेर आम्ही रसवंतीवर थांबलो. रसवाल्यानं आमच्या मागून आलेल्यांना आधी ग्लास दिले. आता भडका उडणार म्हणून मी मामांचा हात धरला. ते बाकड्यावर पाय पसरून बसले होते.

"बसा की, जावईबापू," ते म्हणाले. "ऊस काय संपून राहिला का?"