उतारावरचा न्यूट्रल

परवा टेकडीच्या उतारावर एक लाल गाडी माझ्या पांढऱ्या गाडीला मागे टाकून भुर्रकन निघून गेली, आणि मी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं.

लाल गाडी खरं तर मीच घेणार होतो. जन्मभर ‘ॲव्हरेज किती देते?’ विचारत आलो, आता निवृत्तीआधी एकदा तरी नुसतं पळावं, असं मनाने घेतलं होतं. कमी पेट्रोल पिणारी पांढरी बायकोने आधीच पसंत केली होती. “लाल चालवून तर बघू,” मी म्हणालो. बायको मागे बसली, शोरूमच्या बाई माझ्या शेजारी.

हाच उतार लागला. “सर, आता दाबा ॲक्सिलरेटर!” बाई उत्साहाने म्हणाल्या. आणि माझ्या डाव्या हाताने मला न विचारता गाडी न्यूट्रलला टाकली. तीस वर्षं स्कूटरवर उतार दिसला की पेट्रोल वाचवत आलेला हात तो!

“बंद पडली का हो?” बाई घाबरल्या.

“छे, हे असेच चालवतात,” मागून बायको म्हणाली. “पांढरीचे कागद काढा.”

माणूस स्वतःविषयी काहीबाही ठरवत असतो. हाताला बिचाऱ्याला ते कुणी कळवतच नाही.

परवा लाल गाडी दिसेनाशी झाली, आणि हाताने पुन्हा आपलं काम केलं. इंजिनाचा आवाज खाली गेला, खिडकीतून वारा शिरला, गाडी आपली आपण वेग घेऊ लागली.

“अहो, जरा हळू!” शेजारी बसलेली बायको दाराची कडी धरून ओरडली.

एवढं ऐकायलाच तर मला लाल गाडी हवी होती.