बोरीच्या रशियन बाई

बाईंना कादंबरी गुपचूप वाचताच येत नसे. बोरीच्या वाचनालयातली रशियन कादंबऱ्यांची जुनी भाषांतरं त्यांनी पेन्सिलीनं भरून टाकली होती. एखादा क्रांतिकारक तरुण 'सगळं जाळल्याशिवाय नवं उगवणार नाही' असं गर्जला, की समासात बाईंचा शेरा असे : 'आधी जेवून घे.' मी तिथली ग्रंथपाल. खोडरबर घेऊन चरफडत बसायचे. "बाई, पुस्तक सगळ्यांचं आहे," म्हटलं की म्हणायच्या, "म्हणून तर लिहिते. घरचं असतं तर मनातच ठेवलं असतं."

निवृत्त शिक्षिका, पण गावात सगळे त्यांना रशियन बाईच म्हणत. लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजारणीला झारविरुद्धचे कट सांगत. जिलेबी गार होई, कट संपत नसे.

दोन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ सुधीर परभणीच्या एका जहाल टोळक्यात गेला. मी बाईंपाशी रडले, ही माझी चूक. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी आमच्या ओट्यावर! जाड कादंबरी उघडून मोठ्यानं वाचायच्या. सुधीर वैतागला, मीही. चहा करता करता माझा जीव मेटाकुटीला आला.

एका सकाळी तो घाईनं निघाला. बाई दारातच बसलेल्या.

"सरका बाई, पोरं वाट बघायलेत."

"बघू दे. एवढं प्रकरण ऐक."

त्या प्रकरणात एक विद्यार्थी मंत्र्याच्या बग्गीवर बॉम्ब टाकतो. मंत्री वाचतो, गाडीवान मरतो. वाचून झाल्यावर बाईंनी विचारलं, "गाडीवानाचं नाव काय?"

"त्यात दिलंच न्हाई," सुधीर म्हणाला.

"त्या विद्यार्थ्यानं तरी कुठं विचारलं?"

सुधीर पाय आपटत आत गेला. दुपारी कळलं, त्याच्या सोबत्यांनी एक सरकारी जीप पेटवली. आत ड्रायव्हर झोपला होता. तो वाचला, पण दोन्ही हात भाजले. चौघांना अटक झाली.

सुधीर त्या ड्रायव्हरला दवाखान्यात भेटून आला आणि थेट बाईंवर उखडला. "तुमी मला भित्रा केलं."

"मी फक्त उशीर केला," बाई म्हणाल्या.

मागच्या वर्षी त्या लेकीकडं पुण्याला निघाल्या. पिंगळी स्टेशनावर सुधीरनंच सोडलं. गाडीत चढताना बाईंनी विचारलं, "अजून राग हाय?"

"हाय."

"मग येत जा भांडायला."

तो दोनदा गेला. दोन्ही वेळा तणतणत परतला, तिसऱ्या खेपेची तयारीच करून. तिसऱ्यांदा मात्र लेकीचा फोन आल्यावर गेला, बाईंना खांदा द्यायला. परतल्यावर ओट्यावर बसून राहिला. मी चहा ठेवला, तर म्हणाला, "ताई, माझं म्हणणं अर्धंच सांगून झालं होतं गं."