उस्मानचाचा आणि धुराचा कर

"ह्यो कर मी भरणार नाय," उस्मानचाचांनी कागद माझ्या टेबलावर आपटला. "बाकीचं तिकीट इश्यू कर."

कराशिवाय तिकीट इश्यूच होत नाही, हे मी दोनदा सांगून पाहिलं होतं. रत्नागिरीत माझी ट्रॅव्हल एजन्सी. गिऱ्हाइकं बहुतेक आखातात नोकरीला जाणारी, लंडनचं तिकीट क्वचितच. चाचा-चाचींची मुलगी नसीम तिकडे पहिलटकरीण. दोघांचे व्हिसा आले होते, बुकिंग होल्डवर होतं. म्हणजे विमान कंपनी सीट अडवून ठेवते. संध्याकाळपर्यंत तिकीट काढलं नाही तर सोडून देते.

तिकिटाच्या किमतीत फेअर, म्हणजे भाडं, कंपनीचं आणि टॅक्स सरकारांचे. ब्रिटनने त्यांचा टॅक्स नुकताच वाढवला होता.

"का पण?" चाचांनी विचारलं.

"विमानाच्या धुराने हवा बिघडते म्हणून."

चाचांची उभी हयात मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेलेली. "धूर काय ता माका सांगतंस, बाय?"

"तुमच्या जहाजातून काय उदबत्तीचा धूर निघायचा?"

शेजारी बसलेल्या हमीदाचाची पदराआड हसल्या. चाचा हसले नाहीत. "बरं, त्या पैशाची झाडं लावतात काय?"

मला ठाऊक नव्हतं. मी कंपनीच्या मुंबई ऑफिसला फोन लावला. तिथले साहेब वैतागले. "मॅडम, टॅक्स कलेक्ट करायचा, पुढे भरायचा. तो तिकडच्या तिजोरीत जातो. झाडांचं मला काय विचारता?"

"बघ," चाचा म्हणाले, "धूर आभाळात, पैसे तिजोरीत."

मी घाईघाईने समजूत घालायला गेले. "चाचा, जाताना हा कर नाहीच. विमान ब्रिटनमधून उडतं तेव्हा लागतो. म्हणजे फक्त परत येताना."

"म्हणजे जाताना विमान धूर सोडत नाय?"

उत्तर चाचींनी दिलं.

"मग माझं नुसतं जायचं काढ, बाय. मी तिकडेच ऱ्हाते."

चाचांनी चमकून पाहिलं. चाचींचं हसू मावळलं होतं. "तुम्ही बसा सरकाराशी भांडत. पोर वाट बघताय. बाय, माझं एकटीचं काढ. परतीचं पण."

"एकटी जाशील?"

"जाईन."

चाची मुंबईच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या. तरी त्यांनी पाकीट उघडून पैसे मोजले. त्या कच खातील, या आशेवर चाचांनी त्यांना अडवलं नाही. मी एक तिकीट इश्यू केलं. दुबईत विमान कसं बदलायचं ते चाचींनी माझ्याकडून चार वेळा वदवून घेतलं. चाचांची सीट संध्याकाळी गेली.

चाची सुखरूप पोचल्या. त्यानंतर चाचा अधूनमधून 'सहज' ऑफिसात येऊ लागले. लंडनला थंडी किती, तिकडे मासळी मिळते का, असं मला विचारायचे. जसं काही मी तिथूनच आले होते.

एक दिवस नसीमने माझ्या ईमेलवर फोटो पाठवला. चाची खुर्चीत, मांडीवर नातू. चाचांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला.

"सीट हाय काय गो?"

होती. सीझन सुरू झाल्यामुळे फेअर चांगलंच चढलं होतं. कर होता तेवढाच होता. त्यांनी दोन्ही भरून तिकीट काढलं.

कर वाढवला की लोक विमानात कमी बसतील, असा तिकडच्या सरकारचा अंदाज असावा. माझ्या काउंटरवर त्या करामुळे एकच माणूस थांबला. तोही नातवाचा फोटो येईपर्यंत.