दुसरा आहे ना शाबूत

पंक्चरवाल्या वहिनीचा नवरा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायचा, तेही एकाच डोळ्याने. दुसरा डोळा गेल्या वर्षीच्या शिबिराने खाल्ला होता. शहरातले डॉक्टर मिनीबस भरून आले, शाळेत मोतीबिंदू काढले, फलक धरून फोटो काढले आणि संध्याकाळी निघूनही गेले. फुकट देतो म्हटलं की जबाबदारी संपली, असं मानणारी मंडळी! सकाळी पट्टी सोडायला कोणी नाही. डोळ्यात पू झाला. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

यंदा तीच बस आली. उतरणाऱ्या मोठ्या डॉक्टरांसमोर वहिनीने नवऱ्याला उभं केलं. डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली.

"दुसरा आहे ना शाबूत? मग झालं तर."

वहिनीने बसच्या चाकांकडे एकदा बघून घेतलं. नवऱ्याने तिची बाही ओढली.

"अगं, जाऊ दे आता."

"जाऊच देणार नाही."

दुपारी ड्रायव्हर हवा भरायला आला. "दादा, चाकं खोलूनच बघते," वहिनी गोड आवाजात म्हणाली. "वाटेत काही झालं तर आमची सेवा कोण करणार?" ड्रायव्हर सावली बघून आडवा झाला.

संध्याकाळी डॉक्टर मंडळी बॅगा घेऊन आली, तर बसचं पुढचं अंग विटांवर आणि चाकं दुकानात कुलपाआड.

"पोलिसांना बोलवीन!" मोठे डॉक्टर लालबुंद झाले.

"बोलवा की. मलाही त्यांना एक डोळा दाखवायचाय. उद्या सगळ्यांच्या पट्ट्या सोडा, तपासा, मग चाकं."

पोलिसांना कोणी बोलावलं नाही. मंडळी शाळेच्या बाकांवर कण्हत झोपली.

सकाळी एका आजीची पट्टी सुटली आणि मोठ्या डॉक्टरांचा चेहरा उतरला. डोळा लालभडक, कडेला पू. मग काय धावपळ! इंजेक्शन, फोन, गाडी. डॉक्टर स्वतः आजीला धरून गाडीपर्यंत गेले. वेळेत कळलं म्हणून तिचा डोळा वाचला. नवरा लांबून बघत होता. त्याच्यासाठी असं कोणी धावलं नव्हतं. वहिनीचा राग निवायचा सोडून आणखी पेटला.

तिने चाकं बसवली, नट आवळले. ड्रायव्हर मागे डोकावला.

"वहिनी, स्टेपनी कुठंय?"

स्टेपनी दुकानाच्या दर्शनी खुंटीवर टांगलेली होती. मोठे डॉक्टर खिडकीतून ओरडले, "अहो बाई, ते आमचं चाक आहे!"

वहिनीने फडक्याला हात पुसले.

"बाकीची आहेत ना शाबूत? मग झालं तर."