शालनआत्याचा डावा गाल

कामशेतच्या शालनच्या डाव्या गालावर जन्मापासून तळहाताएवढा काळा, केसाळ डाग आहे. पोटुशी असताना आईनं ग्रहणात विळी धरली म्हणून झाला, असं सगळे म्हणायचे. बघायला आलेले पाहुणे चहा न घेताच उठले. लोणावळ्याच्या चिक्कीच्या दुकानात ती सतरा वर्षं आतल्या खोलीत पाकिटं भरते. काउंटरवर तिला कधी कुणी उभं केलं नाही.

भावाला, आदिनाथला मुलगी झाली, प्रेरणा. तिच्याही गालावर तसाच डाग. शालनच्या मनात पहिलं आलं ते हे, की आता आपण एकट्या नाही. तिला स्वतःचीच लाज वाटली.

प्रेरणा सहा वर्षांची झाली तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी डाग काढता येईल म्हणून सांगितलं. त्यांनी मानेच्या चांगल्या कातडीखाली रिकामा फुगा बसवला. दर आठवड्याला सुईनं त्यात थोडं सलाईन भरायचं, कातडी वाढली की डाग कापून तीच वर ओढून घ्यायची. वहिनी बाळंतीण, आदिनाथची कंपनीत पाळी. त्यामुळे दर बुधवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, प्रेरणाला शालन नेऊ लागली.

चौथ्या बुधवारी स्टेशनवर प्रेरणानं विचारलं, "आत्या, माझा गेल्यावर तुझा एकटीचाच राहील?"

शालननं गाडी जाऊ दिली. पोरीला भेळ खाऊ घालून घरी आणलं. "डॉक्टर आलेच न्हाईत," ती वहिनीला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला, का आला नाहीत?

"वन्सं, खोटं का बोललात?"

"जळले मी," शालन म्हणाली. "मला कुणी कुटं नेलं न्हाई. हिला नेताना बघवंना."

त्याच दिवशी तान्हं बाळ शेजारणीकडे ठेवून वहिनीच प्रेरणाला घेऊन गेली, आणि पुढचे दोन बुधवारही. मग एका सकाळी ती शालनच्या दारात आली.

"तुमीच न्या. सुई टोचताना तिला तुमचाच हात लागतो. आत्या न्हाई म्हणून रडते."

शालन पुन्हा जाऊ लागली. एकदा तिनं डॉक्टरांना विचारलं, "माझ्या वयात निघंल का?"

"निघेल. दोन-तीन ऑपरेशनं लागतील, आणि वण राहील."

दिवाळीनंतर प्रेरणाचं ऑपरेशन झालं. कानापासून हनुवटीपर्यंत एक बारीक रेघ राहिली. शाळेत ती पुढच्या बाकावर बसते. तिला बघून शालनला अजून हेवा वाटतो. ती तो लपवत नाही.

मागच्या महिन्यात तिनं मालकाकडे तीन आठवड्यांची रजा मागितली.

"एवढी कशाला?"

"गालाचं काम हाय," ती म्हणाली.